वत्सगुल्म वाकाटकांचा उदय आणि अस्त : 'दशकुमारचरिता'तील विश्रुतकथेच्या ऐतिहासिक वापराची चिकित्सा

प्रस्तावना

वाशीम जिल्ह्याची निर्मिती १ जुलै १९९८ रोजी झाली. त्यापूर्वी हा भाग अकोला जिल्ह्यात होता आणि १९०५ पूर्वी वऱ्हाडात बासीम नावाचा स्वतंत्र जिल्हाही होता. परंतु या नगराचे राजकीय महत्त्व इंग्रजी अमदानीच्याही कितीतरी आधीचे आहे. प्राचीन वत्सगुल्म ते हेच. इ.स.च्या चौथ्या शतकाच्या पूर्वार्धापासून पाचव्या शतकाच्या अखेरच्या पर्वापर्यंत वाकाटक राजवंशाच्या एका शाखेची ही राजधानी होती आणि याच शाखेतील हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची महायान लेणी ऐन भरात आली.

या शाखेचा उदय आणि तिचा अस्त यांविषयी जे सांगितले जाते त्याची साधने मात्र एकाच प्रकारची नाहीत. उदयाची माहिती ताम्रपट आणि शिलालेख यांतून मिळते. अस्ताचा वृत्तांत जवळजवळ संपूर्णपणे एका संस्कृत गद्यकथेतून घेतलेला आहे. दंडीच्या 'दशकुमारचरिता'तील आठव्या उच्छ्वासात विदर्भाच्या एका राज्याच्या नाशाची हकीकत येते. म. म. वा. वि. मिराशी यांनी १९४५ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधात ही हकीकत वाकाटकांच्या अखेरीची स्मृती असल्याचे प्रतिपादन केले. पुढे वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याच्या कालनिश्चितीसाठी तिचा विस्ताराने उपयोग केला. तेव्हापासून विलासी राजा, कपटी शेजारी आणि फितूर मांडलिक हे चित्र वत्सगुल्माच्या इतिहासाचे शेवटचे प्रकरण होऊन बसले आहे. ही कथा कथा म्हणून वाचली असता ती इतिहासाचा एवढा भार पेलू शकते काय, हा येथील प्रश्न आहे.

ताम्रपटातून उभी राहिलेली शाखा

१९३९ पर्यंत वत्सगुल्म शाखा इतिहासाला ठाऊकच नव्हती. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातील लेखात वाकाटकांची वंशावळ आहे. पण लेख झिजलेला असल्यामुळे ब्यूलर यांच्या वाचनात पहिल्या प्रवरसेनानंतर रुद्रसेन आणि पृथिवीषेण ही मुख्य शाखेतील नावे आली. म्हणजे अजिंठ्याचे राजे आणि नंदिवर्धन-प्रवरपूरचे राजे हे एकाच ओळीत बसवले गेले होते. १९३९ मध्ये वाशीम येथे दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उपलब्ध झाला आणि सर्व मांडणी बदलली. या ताम्रपटात सम्राट प्रवरसेन, त्याचा पुत्र सर्वसेन आणि त्याचा पुत्र विंध्यशक्ती असा क्रम स्पष्ट दिलेला आहे. त्याच्या प्रकाशात मिराशींनी १६ क्रमांकाच्या लेण्यातील लेख पुन्हा वाचला, तेव्हा तेथेही सर्वसेन आणि विंध्यसेन हीच नावे असल्याचे दिसून आले. एका ताम्रपटाने एका राजघराण्याला त्याचे स्थान मिळवून दिल्याची अशी उदाहरणे विरळाच.

हा ताम्रपट राज्यवर्ष ३७ मधील असून वत्सगुल्माहून दिलेला आहे. दान दिलेले गाव नांदीकडच्या, म्हणजे आजच्या नांदेडच्या, उत्तर मार्गात होते. यावरून राज्याचा विस्तार दक्षिणेस गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत पोचला होता हे निश्चित होते. त्याची भाषाही लक्षणीय आहे. वंशवर्णन संस्कृतात आहे आणि दानाचा व्यवहारातील भाग प्राकृतात. सातवाहनकालीन प्राकृत राजभाषा मागे पडून संस्कृत पुढे येत असतानाची ही अवस्था एकाच पटावर दिसते.

सर्वसेन हा स्वतः कवी होता. त्याचे 'हरिविजय' हे प्राकृत काव्य आज लुप्त आहे. सत्यभामेसाठी कृष्णाने पारिजात आणला हा त्याचा विषय. आनंदवर्धन, कुंतक आणि भोज यांनी त्याची दखल घेतली म्हणून तरी त्याचे नाव राहिले. राजघराण्याचा संस्थापकच नामवंत कवी, आणि त्याचे काव्य मात्र अलंकारशास्त्राच्या ग्रंथांतील उल्लेखांपुरते उरलेले, ही वत्सगुल्माच्या वाङ्मयीन परंपरेची शोकांतिकाच म्हणावी लागेल.

विंध्यसेनानंतर दुसरा प्रवरसेन आला आणि त्याच्यानंतर आठ वर्षांचा एक मुलगा गादीवर बसला. अजिंठ्याच्या लेखात त्याचे नाव नष्ट झाले आहे. नंतर मिळालेल्या ताम्रपटांवरून ते सर्वसेन असल्याचे कळले. त्याचा पुत्र देवसेन आणि देवसेनाचा पुत्र हरिषेण. देवसेनाच्या काळाचा एक पक्का टप्पा वाशीमजवळील हिस्से बोराळा येथील शिलालेखाने दिला. त्यात शके ३८०, म्हणजे इ.स. ४५८, या वर्षाचा निर्देश असून देवसेनाचा आज्ञाधारक स्वामिल्लदेव याने सुदर्शन नावाचे तळे बांधल्याचे म्हटले आहे. वाकाटकांचे बाकी लेख राज्यवर्षांत कालगणना करतात; संवताचा आधार असलेला हा त्यांचा एकमेव लेख. तळ्याचे नावही सहज ठेवलेले नसावे. गिरनारच्या पायथ्याशी असलेले सुदर्शन तळे गुप्त संवत् १३६ मध्ये, म्हणजे इ.स. ४५५-५६ च्या सुमारास, फुटले आणि स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्याने त्याची दुरुस्ती केली. एकाच दशकात सौराष्ट्रात आणि वऱ्हाडात एकाच नावाच्या तळ्यांची कामे व्हावीत, यात नामसाम्याहून अधिक काही आहे काय याचा शोध अद्याप व्हायचा आहे.

साम्राज्य हा शब्द आणि गळालेले क्रियापद

वाकाटकांच्या दोन्ही शाखांत 'सम्राट' हे बिरुद पहिल्या प्रवरसेनालाच लावलेले आढळते. वत्सगुल्माचे राजे स्वतःला 'धर्ममहाराज' म्हणवीत. तरीही आधुनिक लेखनात हरिषेणाचे 'साम्राज्य' हा शब्दप्रयोग रूढ आहे आणि नर्मदेपासून तुंगभद्रेपर्यंत, अरबी समुद्रापासून बंगालच्या उपसागरापर्यंत त्याची सीमा नेली जाते. त्याचा आधार अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातील एक श्लोक. त्यात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट आणि आंध्र या सात देशांची नावे आहेत. मात्र हरिषेणाने या देशांचे काय केले ते सांगणारे क्रियापदच दगडावरून गळून पडले आहे.

जिंकले, मांडलिक केले, त्यांच्यावर प्रभाव पाडला, की केवळ त्यांच्यात कीर्ती पसरवली? लेख राजाचा नाही, त्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने कोरवलेला आहे, आणि धन्याच्या स्तुतीत दिग्विजयाची देशनामावली घालणे ही त्या काळच्या प्रशस्तींची ठरलेली रीत होती. मिराशींनी येथे जिंकल्याचा अर्थ घेतला आणि पुष्कळांनी तो स्वीकारला. का. प्र. जायसवाल यांनी १९३३ मधील आपल्या ग्रंथात भारशिव-वाकाटकांना अखिल भारतीय साम्राज्याचे पद दिले होते. स्वातंत्र्यपूर्व काळात गुप्तांच्या आधीचे एक देशी साम्राज्य शोधण्याची जी ऊर्मी होती, तिचा त्यात मोठा वाटा होता. पुढच्या अभ्यासकांनी जायसवालांची बरीच विधाने सोडून दिली. साम्राज्य हा शब्द मात्र टिकला. या शब्दामुळे वाचकाच्या मनात एक अपेक्षा आपोआप तयार होते. साम्राज्य म्हटले की त्याचा विध्वंसही तेवढाच प्रचंड, तेवढाच नाट्यमय असायला हवा. दंडीची कथा ही अपेक्षा पूर्ण करते. ती इतक्या सहज स्वीकारली गेली याचे एक कारण येथे आहे.

आठवा उच्छ्वास

कथेचा सांगाडा असा. विदर्भात भोज वंशातील पुण्यवर्मा नावाचा आदर्श राजा होऊन गेला. त्याचा पुत्र अनंतवर्मा सर्व कलांत निपुण, पण दंडनीतीविषयी उदासीन. वृद्ध मंत्री वसुरक्षित त्याला उपदेश करतो. विहारभद्र नावाचा दरबारी त्या उपदेशाची टर उडवतो. तेवढ्यात अश्मकराज वसंतभानूच्या मंत्र्याचा पुत्र चंद्रपालित हा हद्दपार झाल्याचे सोंग घेऊन दरबारात शिरतो आणि मृगया, द्यूत, स्त्रिया व मद्य या व्यसनांचे गुण राजाला पटवून देतो. राज्य पोखरले जाते. वसंतभानू वनवासीच्या भानुवर्म्याला विदर्भावर चालून जाण्यास उद्युक्त करतो. अनंतवर्मा मांडलिकांना बोलावतो. कुंतल, मुरल, ऋषीक, कोंकण आणि नासिक्य येथील राजे येतात, पण ते आतून फोडलेले असतात. अनंतवर्मा मारला जातो. लुटीच्या वाटपावरून वसंतभानू या मांडलिकांत भांडणे लावून देतो आणि सर्व काही स्वतः बळकावतो. राणी वसुंधरा आपल्या लहान मुलाला, भास्करवर्म्याला, घेऊन माहिष्मतीला पळते; तेथील मित्रवर्म्याला तो मुलगा नको असतो. विंध्यारण्यात विश्रुताला हा मुलगा एका वृद्ध सेवकासह भेटतो आणि तो त्याचा कैवार घेतो.

मिराशींचे प्रतिपादन असे, की पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण, अनंतवर्मा म्हणजे त्याचा लेखांत न आढळणारा पुत्र, आणि मांडलिकांची यादी हरिषेणाच्या राज्याच्या भूगोलाशी जुळते. दंडीचे पूर्वज अचलपूरचे होते असे 'अवंतिसुंदरीकथे'वरून दिसते. अचलपूर म्हणजे वऱ्हाडातील एलिचपूर मानले, तर विदर्भाच्या पतनाची आठवण या कुळात टिकून राहिली असावी, हा त्यांचा तर्क. 'दशकुमारचरिता'तील भूगोल हर्षपूर्व काळाचा आहे हे मार्क कॉलिन्स यांनी १९०७ मध्येच दाखवले होते. मिराशींचा तर्क बुद्धिमान आहे, यात संशय नाही. ताम्रपट वाचणाऱ्या विद्वानाने संस्कृत गद्याचेही इतके बारकाईने वाचन करावे हे त्या पिढीचे वैशिष्ट्य होते, आणि आज ते दुर्मीळ झाले आहे.

अडचणी मात्र कमी नाहीत. पहिली अडचण नावांची. कथेत वाकाटक हे नाव नाही, वत्सगुल्म हे नाव नाही, आणि हरिषेणाचेही नाही. राजवंश भोज सांगितला आहे, तर वाकाटक विष्णुवृद्ध गोत्राचे ब्राह्मण होते. दंडीने नावे बदलली असे म्हणता येईल. परंतु नावे बदललेली, वंश बदललेला, राजधानी अनुल्लेखित, अशा स्थितीत जे जुळते तेवढेच इतिहास मानायचे आणि जे जुळत नाही ते कविकल्पना ठरवायचे, ही पद्धत कोणत्याही कथेला कोणत्याही इतिहासाशी जोडू शकेल. भूगोलाचेही तसेच. आक्रमक दक्षिणेकडच्या वनवासीचा, पण कथेतील छावणी नर्मदेच्या तीरावर. ज्याला विदर्भाच्या पतनाची खरी कौटुंबिक आठवण आहे त्याने रणभूमी अशी उत्तरेला का नेली असावी, हा प्रश्न सुटत नाही.

दुसरी अडचण अधिक मूलभूत असून ती वाङ्मयाची आहे. आठव्या उच्छ्वासाचा गाभा राजाच्या मृत्यूत नाही. त्यातील सर्वांत लांब आणि सर्वांत रंगलेला भाग म्हणजे नीतिशास्त्रावरील वादविवाद. वसुरक्षित अर्थशास्त्राची महती सांगतो. विहारभद्र त्याला उत्तर देताना राजाची दिनचर्या मोजून दाखवतो : जमाखर्च ऐका, प्रजेची भांडणे ऐका, हेरांचे ऐका, जेवताना विषाची भीती, झोपताना सर्पाची भीती; मग राज्य मिळवले तरी कशाला? चंद्रपालित तर व्यसनांचे समर्थनच शास्त्रीय पद्धतीने करतो. मृगयेने चरबी झडते, द्यूताने धैर्य वाढते, अशा थाटाने. कौटिल्याच्या आठव्या अधिकरणात व्यसनांची जी तुलना येते, तिचेच हे विडंबन आहे. दंडीला येथे राज्य बुडाल्याची बातमी सांगायची नसून शास्त्र आणि सत्ता यांतील अंतर दाखवायचे आहे. आणि विनोदाची सगळी ताकद त्याने विहारभद्राच्या बाजूने खर्च केली आहे, हे विसरता येत नाही. राजा अशा युक्तिवादाला भुलतो, कारण वाचकही क्षणभर भुलतो. अनंतवर्म्याचा विलास ही या युक्तिवादाची गरज आहे. तो विलासी नसता तर वादच झाला नसता.

वंशाच्या शेवटी विलासी राजा उभा करणे हा संस्कृत साहित्याचा परिचित संकेत आहे. कालिदासाच्या 'रघुवंशा'चा एकोणिसावा सर्ग अग्निवर्णाचा आहे. तोही राज्यकारभार मंत्र्यांवर सोडून अंतःपुरात रमतो, क्षयाने मरतो आणि गर्भवती राणी गादी सांभाळते. येथेही विलास, मृत्यू आणि मागे राहिलेली राणी व वारस हीच जुळणी आहे. रघूच्या कुळाचा इतिहास अग्निवर्णाच्या व्यसनांवरून कोणी लिहीत नाही. अनंतवर्म्याच्या बाबतीत मात्र तेच केले गेले.

दंडी सातव्या शतकाच्या उत्तरार्धात व आठव्याच्या आरंभी कांचीच्या पल्लव दरबारी होता. म्हणजे हरिषेणानंतर दोन शतके लोटली होती. रॉबर्ट डिकॅरोली यांनी १९९५ मध्ये या कथेचा विचार वाकाटकांबरोबरच पल्लव दरबाराच्याही संदर्भात करावा लागेल हे दाखवून दिले. ही दिशा अधिक फलदायी आहे. कथा कोणासाठी लिहिली, हे पाहिल्याशिवाय ती कोणाविषयी आहे हे ठरवता येत नाही.

एक बाब सामान्यतः दुर्लक्षित राहते. दंडीचे मूळ 'दशकुमारचरित' आदि आणि अंत या दोन्ही बाजूंनी खंडित आहे. आज छापलेल्या प्रतींतील पूर्वपीठिका आणि उत्तरपीठिका या नंतरच्या हातांनी जोडलेल्या आहेत. विश्रुताची कथा मध्येच तुटते. वसंतभानूचा पराभव आणि भास्करवर्म्याची पुनःस्थापना उत्तरपीठिकेत येते. ज्या कथेच्या आधारे वत्सगुल्माचा शेवट लिहिला गेला, त्या कथेचा शेवट दंडीने कसा लिहिला होता हे कोणाच्याही हाती नाही.

अजिंठ्याचा पुरावा आणि वर्तुळ

स्पिंक यांनी अजिंठ्याच्या लेण्यांच्या बांधणीचा अनेक दशके सूक्ष्म अभ्यास केला. खांबांची घडण, दारांच्या बिजागऱ्यांची पद्धत, अर्धवट सोडलेली कामे यांवरून त्यांनी लेण्यांचा क्रम लावला आणि महायान लेणी सुमारे ४६० ते ४८० या अल्प काळात झाली असे मांडले. मिराशींनी हरिषेणाचा काळ ४७५ ते ५०० धरला होता; स्पिंक यांनी तो ४६० ते ४७७ वर आणला. हिस्से बोराळ्याचा ४५८ चा लेख या मांडणीला वरची मर्यादा घालून देतो. लघुकालगणनेवर आक्षेप घेतले गेले आहेत, तरी बांधणीच्या निरीक्षणांतील तिचे बळ नाकारता येत नाही.

परंतु काम कोणत्या वर्षी थांबले, कोणत्या वर्षी आश्रयदाते पळाले, कोणत्या वर्षी अश्मकांनी उठाव केला, हा वर्षनिहाय तपशील देताना स्पिंक दंडीकडे वळतात. मग अर्धवट लेणी हा दंडीच्या कथेचा पुरावा होतो आणि दंडीची कथा हा लेणी अर्धवट राहण्याच्या कारणाचा. दोन्ही साधने एकमेकांना तोलून धरतात, पण दोन्हींच्या बाहेर तिसरा आधार नसतो. पुढच्या लेखनात या वर्तुळाचा उल्लेखही गळतो. 'अजिंठ्यावरून सिद्ध झाले' एवढेच उरते.

माहिष्मतीच्या सुबंधू राजाचा बडवाणी ताम्रपट हा तिसरा आधार म्हणून सांगितला जातो. त्यावर १६७ हे वर्ष आहे. ते गुप्त संवताचे मानले तर इ.स. ४८६ येते आणि वाकाटकांच्या पतनानंतर माहिष्मती स्वतंत्र झाल्याचे चित्र जमते. कलचुरी संवताचे मानले तर ४१६-१७ येते आणि सर्व चित्र विस्कटते. मिराशी स्वतः कलचुरी संवताच्या बाजूचे होते. दंडीच्या कथेचा ऐतिहासिक अर्थ प्रथम लावणारा विद्वान आणि त्या अर्थाचा कालनिर्णायक आधार यांचा मेळ नाही, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही.

अश्मकांविषयी मात्र अजिंठ्यात दंडीशिवायही काही सापडते. २६ क्रमांकाच्या लेण्यातील लेखात बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने अश्मकराजाच्या भव्विराज या मंत्र्याचा गौरव केला आहे. वाकाटकांचा तेथे उल्लेख नाही. याउलट १७ क्रमांकाच्या लेण्याचा आश्रयदाता हरिषेणाचा अधिकार मानतो. एकाच दरीत दोन निष्ठा नांदत होत्या, असा अर्थ यातून काढता येतो. वत्सगुल्माच्या सत्तेची रचना समजून घेण्यासाठी कपटी चंद्रपालितापेक्षा हे दोन लेख अधिक उपयोगी आहेत.

विलासी राजा खरोखर कोण होता?

या चर्चेतील सर्वांत विलक्षण गोष्ट १६ क्रमांकाच्या लेण्यातच कोरलेली आहे. राज्यकारभार मंत्र्यावर सोपवून स्वतः सुखोपभोगात मग्न झालेला वाकाटक राजा खरोखरच होऊन गेला. तो हरिषेणाचा पुत्र नव्हे. तो हरिषेणाचा पिता देवसेन. वराहदेवाच्या लेखात त्याचा पिता हस्तिभोज याच्या हाती राज्य सोपवून देवसेन निश्चिंतपणे भोग भोगू लागला असे सांगितले आहे, आणि हे दूषण म्हणून नव्हे, तर हस्तिभोजाच्या योग्यतेचे प्रमाणपत्र म्हणून. या मंत्रिकुलाचा वारसा पिढ्यान्‌पिढ्यांचा असल्याचे घटोत्कच लेण्याच्या लेखावरून कळते.

राजाच्या विलासाने राज्य बुडते हा नियम खरा मानला, तर वत्सगुल्माचे राज्य देवसेनाच्या काळातच बुडायला हवे होते. प्रत्यक्षात त्याच्याच काळात सुदर्शन तळे बांधले गेले आणि त्याच्यानंतर हरिषेणाच्या राज्यात हे घराणे आपल्या सर्वोच्च बिंदूला पोचले. बालराजांचेही तसेच. आठ वर्षांचा राजा गादीवर बसला तरी ही शाखा टिकली. मुख्य शाखेत प्रभावतीगुप्तेने निदान तेरा वर्षे अल्पवयीन पुत्राच्या नावाने राज्य केले आणि तेही राज्य टिकले. तात्पर्य, राजाच्या व्यक्तिगत दुर्बलतेला झेलणारी एक यंत्रणा या राज्यांत होती. वत्सगुल्मात ती वंशपरंपरागत मंत्रिकुलाच्या रूपाने दिसते. अस्ताचे कारण शोधायचे तर प्रश्न असा विचारावा लागेल, की ही यंत्रणा हरिषेणानंतर का चालेनाशी झाली? दंडीची कथा हा प्रश्न विचारूच देत नाही, कारण तिच्यात वृद्ध मंत्री सज्जन पण निष्प्रभ असणे ही कथानकाची गरज आहे.

रामशरण शर्मा यांच्या सामंतशाहीच्या सिद्धांतानुसार ब्राह्मणांना दिलेली गावे आणि त्यांच्यासोबतच्या करमाफी यांनी राजसत्ता पोखरली. मुख्य शाखेच्या बाबतीत ही चर्चा अर्थपूर्ण आहे. दुसऱ्या प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटात एक हजार ब्राह्मणांना गाव देताना त्यांनी राजद्रोह करू नये अशी अट घातली आहे. दाता स्वतःच सावध होता. वत्सगुल्म शाखेचे उपलब्ध ताम्रपट मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. तेवढ्यावरून आर्थिक ऱ्हासाचा सिद्धांत उभा करणे अकाली ठरेल. दंडीच्या जागी शर्मांना बसवले तर पद्धतीचा दोष तोच राहतो.

वर्गातील परिणाम

या प्रश्नाला अध्यापनाची बाजू आहे. 'अनंतवर्मा हा शेवटचा वाकाटक राजा' हे वाक्य एकदा वहीत उतरले की ते ताम्रपटाच्या बरोबरीने बसते. वाशीमच्या विद्यार्थ्याला आपल्या गावचा इतिहास विंध्यशक्तीच्या ताम्रपटातून जसा मिळतो, तसाच विहारभद्राच्या थट्टेतूनही मिळतो, आणि दोहोंतील फरक त्याला कोणी सांगत नाही. मिराशींनी 'असावे' म्हटले होते. पुढील लेखकांनी 'आहे' म्हटले. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' हे पुस्तक आजही मराठीत या विषयाचा पहिला आधार आहे. पण त्यातील अनुमाने आणि त्यातील पुरावा वेगवेगळे करून वाचण्याची सवय लावणे हे अध्यापकाचे काम आहे. हिस्से बोराळ्याचा लेख आणि थाळनेरचा ताम्रपट हे त्यानंतर उजेडात आले, ही साधी गोष्टसुद्धा पुष्कळदा वर्गात सांगितली जात नाही.

वत्सगुल्माचे राजकीय अस्तित्व संपल्यावरही त्याचे नाव उरले, तेही वाङ्मयात. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त विदर्भातील वत्सगुल्म ही कामदेवाची क्रीडाभूमी असल्याचे सांगून काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह तेथे लावला आहे; आणि वच्छोमी, म्हणजे वत्सगुल्माची, ही काव्यरीती त्याला ठाऊक होती. हरिषेणानंतर सुमारे चारशे वर्षांनी लिहिणाऱ्या राजशेखराच्या लेखी हे नगर पराभवाचे नव्हते. राजवंशाचीही तीच गोष्ट. आंध्रातील विष्णुकुंडी घराण्यात वाकाटक राजकन्या दिली गेली होती. तिच्या पोटी जन्मलेल्या विक्रमेंद्रवर्म्याचे वर्णन चिक्कुल्ल ताम्रपटात विष्णुकुंडी आणि वाकाट या दोन्ही वंशांचे भूषण असे केलेले आहे. सहाव्या शतकात गोदावरी-कृष्णेच्या प्रदेशातील एका राजकुलाला हे मातृकुल अभिमानाने मिरवावेसे वाटत होते.